धातू, मूर्ती आणि पडद्यावरचा चेहरा

निवर्तलेल्या नटाचा चेहरा पडद्यावर उजळतो तेव्हा प्रेक्षक नेमका कशासमोर बसलेला असतो, हा प्रश्न जितका चित्रपटाच्या इतिहासाचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे. ज्याँ गाबँ १९७६ मध्ये, जान मोरो २०१७ मध्ये, ज्याँ-पॉल बेलमाँदो २०२१ मध्ये आणि आलँ दलाँ २०२४ मध्ये निधन पावले. तरीही त्यांचे चालणे, वळणे, सिगारेट पेटवणे आणि काही न बोलता खिडकीबाहेर पाहणे आजच्या प्रेक्षकाला जुने वाटत नाही, आणि त्यांच्या ‘शैली’विषयी बोलताना चित्रपटरसिक जी भाषा वापरतात ती पुष्कळदा भक्तीच्या भाषेच्या अगदी जवळ जाते. हे जवळ जाणे वरवरचे आहे की त्यामागे काही तत्त्व आहे, याचा शोध घेण्यासाठी मुंबईच्या उपनगरांइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. प्रतिमा करावी की करू नये, केली तर तिच्यात कोण असते, आणि काम झाल्यावर तिचे काय करावे, हे प्रश्न बोरिवली-अंधेरीच्या परिसरात किमान दोन हजार वर्षे दगडात, मातीत आणि गेल्या शतकापासून प्रकाशात विचारले गेले आहेत.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी हा या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत पुरावा होय. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहातील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे उपासनेसाठी खोदलेल्या स्तंभयुक्त दालनात, सर्वांत आत कोणतीही मानवी आकृती नाही. तेथे आहे तो एक साधा, घुमटाकार स्तूप. बुद्धाच्या विशालकाय उभ्या मूर्ती मात्र ओसरीच्या दोन्ही टोकांना आहेत आणि त्या मूळ खोदकामानंतर काही शतकांनी कोरलेल्या आहेत. प्रारंभीच्या बौद्ध कलेत बुद्धाचे मानवी रूप का टाळले गेले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चैत्यगृहात शिरणारा उपासक प्रथम चेहऱ्यापाशी थांबतो आणि मग चेहरा नसलेल्या वस्तूकडे जातो, हा क्रम आजही तसाच आहे. अंधेरीच्या महाकाली लेण्यांतही, ज्यांना कोंडिविटे लेणी म्हणतात, नवव्या लेण्याच्या गाभ्यात गोलाकार कोठडीत केवळ स्तूपच आहे. आणि याच परिसरात पुढे कमाल अमरोहींचा कमालिस्तान स्टुडिओ उभा राहिला, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

बौद्ध परंपरेने पूजनीय वस्तूंचे जे वर्गीकरण केले आहे ते चित्रपटाच्या विचारात आजवर पुरेसे वापरले गेलेले नाही. कालिंगबोधि जातकाच्या कथेत चैत्याचे, म्हणजे बुद्धाच्या अनुपस्थितीत वंदनीय ठरणाऱ्या वस्तूचे, तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘शारीरिक’, म्हणजे देहाचे अवशेष, ज्यांना ‘धातू’ अशी संज्ञा आहे. दुसरा ‘पारिभोगिक’, म्हणजे त्या व्यक्तीने वापरलेली वस्तू, जसे भिक्षापात्र किंवा बोधिवृक्ष. आणि तिसरा ‘उद्देशिक’, म्हणजे त्या व्यक्तीला उद्देशून घडवलेली आकृती किंवा मूर्ती. यांपैकी तिसऱ्या प्रकाराविषयी तेथे असे मत नोंदवले आहे की त्याला वस्तूचा आधार नाही, तो केवळ मनावर अवलंबून आहे. या तीन प्रकारांपैकी दोन एकाच पेटीत आढळल्याचे उदाहरण बोरिवलीपासून फारसे दूर नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीत एकात एक बसवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक मिळाले; सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या भांड्याचे काही बारीक तुकडे होते, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले, आणि भोवती कांस्याच्या आठ लहान बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. पात्राचा तुकडा सोन्याच्या आत आणि मूर्ती त्याच्या बाहेर, या रचनेत मूल्यांची उतरंड स्पष्ट दिसते: ज्याला स्पर्श झाला ते आकृतीपेक्षा श्रेष्ठ.

मराठी मुलखात हीच जाणीव तेराव्या शतकात महानुभाव पंथाने अधिक काटेकोरपणे मांडली. चक्रधरस्वामींच्या या पंथाने देवतामूर्तींची पूजा नाकारली, पण स्वामींच्या पायांचा संबंध झालेली ‘स्थाने’ आणि त्यांच्या हातांचा संबंध झालेला ‘प्रसाद’ यांना वंदनीय मानले, आणि कोणत्या गावी, कोणत्या दिशेला, कोणत्या ओट्यावर स्वामी बसले याच्या नोंदी ‘स्थानपोथी’त जपून ठेवल्या. येथे पूजेचा आधार साम्य हा नसून संबंध हा आहे. दगड स्वामींसारखा दिसत नाही. तो स्वामींच्या सान्निध्यात होता, एवढेच त्याच्या वंदनीयतेला पुरते.

चित्रपटाच्या तत्त्वविचारात नेमका हाच भेद आंद्रे बाझँ यांनी केला. फ्रान्समधील हे कॅथलिक विचारवंत ‘काये द्यु सिनेमा’ या १९५१ साली सुरू झालेल्या नियतकालिकाचे एक संस्थापक होते आणि १९५८ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारले. छायाचित्राच्या स्वरूपाविषयीच्या १९४५ सालच्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की चित्रकाराने काढलेले चित्र कितीही हुबेहूब असले तरी ते चित्रकाराच्या हाताचे असते, मात्र छायाचित्र हा वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचाच ठसा असतो. देह जतन करण्याची जी आकांक्षा इजिप्तच्या ममीमागे होती, तीच येथे यंत्राने पुरी होते. ख्रिस्ताच्या देहाचा ठसा उमटला असे श्रद्धाळू मानतात त्या तुरीनच्या कफनाचा उल्लेखही त्यांनी केला आणि ती वस्तू एकाच वेळी पवित्र अवशेष आणि छायाचित्र असल्याचे सुचवले. बाझँ यांना जातककथा किंवा स्थानपोथी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांचा विचार या परंपरेच्या परिभाषेत मांडायचा तर असे म्हणता येईल की चित्रपटातला चेहरा दिसायला उद्देशिक असतो, पण उत्पत्तीने शारीरिक असतो. लोक त्याला मूर्ती समजून पाहतात, आणि तो असतो धातू.

मुंबईत हा प्रकाशाचा ठसा फ्रान्समधूनच आला. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचे पहिले प्रदर्शन झाले. पुढे १९११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी स्वतःच नंतर ‘नवयुग’ मासिकात लिहिले. त्या काळी ख्रिस्तचरित्रावरचे गाजलेले चित्रपट पाथे आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्या तयार करीत होत्या. भारतीय कथापटाचा आरंभ एका धर्माच्या प्रतिमेत दुसऱ्या धर्माची प्रतिमा दिसण्यातून झाला, ही घटना एरवी केवळ चरित्रातील रंजक प्रसंग म्हणून सांगितली जाते. वास्तविक ती दर्शनाच्या स्वरूपाविषयी फार मोलाचे काही सांगते. समोर असलेली आकृती पाहणाऱ्याला अडवत नाही, ती त्याला पलीकडे जाऊ देते, तेव्हाच असे दिसणे शक्य होते.

तथापि स्पर्शाचा सिद्धान्त एका ठिकाणी अपुरा पडतो. प्रकाशाचा ठसा कॅमेऱ्यासमोर आलेल्या प्रत्येकाचा उमटतो. गर्दीच्या दृश्यातील अनामिक माणसाचा जेवढा उमटतो तेवढाच नायकाचा. मग काही चेहरेच का टिकतात? ‘शैली’ या नावाने ओळखली जाणारी गोष्ट कोठून येते? सर्वसाधारण उत्तर वेशभूषेकडे बोट दाखवते: ‘ल सामुराई’ (१९६७) मधील दलाँ यांचा रेनकोट आणि हॅट, ‘बेल द जूर’ (१९६७) मधील कॅथरीन दनव यांच्यासाठी इव्ह सँ लोराँ यांनी केलेले कपडे, ‘आ बू द सूफ्ल’ (१९६०) मधील जीन सीबर्ग यांचे बारीक कापलेले केस. मासिके आणि जाहिराती या वस्तूंभोवतीच फिरत राहतात. या वस्तू पारिभोगिक आहेत आणि त्यांचे आकर्षण खोटे नाही. पण त्या शैलीचे कारण नव्हेत. तोच रेनकोट घालून शेकडो नट पडद्यावर आले आणि विसरले गेले.

भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाला अधिक खोल उत्तर आहे. तेथे अभिनयाचे चार प्रकार मानले आहेत: शरीराच्या हालचालींचा ‘आंगिक’, वाणीचा ‘वाचिक’, वेश-अलंकार-रंगभूषेचा ‘आहार्य’ आणि मनाच्या एकाग्रतेतून उमटणारा ‘सात्त्विक’. सत्त्व म्हणजे समाहित, पूर्णपणे एकवटलेल्या मनाची अवस्था; स्तंभ, म्हणजे स्तब्धता, स्वेद, रोमांच, वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणे, अश्रू इत्यादी आठ भाव तिच्यातून उमटतात, आणि ते ओढूनताणून आणता येत नाहीत. ज्या अभिनयात सत्त्व अधिक तो श्रेष्ठ, मध्यम असेल तो मध्यम आणि सत्त्वहीन तो कनिष्ठ, असा स्पष्ट निर्णय नाट्यशास्त्राने दिला आहे. या दृष्टीने पाहिले तर फ्रेंच चित्रपटाच्या श्रेष्ठ ताऱ्यांची शैली आहार्याची नव्हे, सत्त्वाची आहे, हे ध्यानात येते. आणि हे विधान केवळ तत्त्वापुरते न ठेवता प्रत्यक्ष चित्रपटांवर तपासून पाहता येते.

लुई माल यांच्या ‘आसाँसर पुर लेशाफो’ (१९५८) या चित्रपटात जान मोरो यांनी साकारलेली स्त्री रात्री पॅरिसच्या रस्त्यांवरून आपल्या प्रियकराला शोधत फिरते. छायालेखक आँरी दकाए यांनी त्या दृश्यांसाठी स्टुडिओतील दिव्यांऐवजी शाँझेलिझे मार्गावरील दुकानांच्या काचांमधून येणारा उजेड वापरला, कॅमेरा लहान मुलाच्या बाबागाडीत ठेवून तिच्यासोबत चालवला, आणि तिच्या चेहऱ्यावर रंगभूषेचा थर जवळपास नव्हता. मोरो त्याआधी सुमारे दशकभर चित्रपटांत काम करीत होत्या, पण त्यांचा चेहरा प्रेक्षकांना खऱ्या अर्थाने येथेच दिसला. आहार्य काढून घेतल्यावर जे उरले त्यातच शैली होती. त्या दृश्यांत त्या जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत. ओठ किंचित हलतात, एका दुकानाच्या उजेडातून दुसऱ्याकडे जाताना चेहरा अंधारात बुडतो आणि परत वर येतो, आणि मनात चाललेले सर्व काही, म्हणजे शंका, आशा, अपमान, प्रेक्षकाला कळते. चेहरा येथे एखादी गोष्ट दाखवत नाही, तो तिला येऊ देतो.

‘ल सामुराई’तील दलाँ हे याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण वाटेल, कारण तेथे सर्व काही बेतलेले आहे: राखाडी खोली, पिंजऱ्यातला एक पक्षी, आरंभीची सुमारे दहा मिनिटे संवादाविना जाणारी, आणि बाहेर पडण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून हॅटची कड बोटांनी सारखी करणारा भाडोत्री मारेकरी. दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलव्हील यांनी या कृतीला विधीचे रूप दिले आहे. परंतु तो माणूस आरशात पाहताना स्वतःवर खूश होत नाही. एखादा व्रतस्थ माणूस नित्यकर्म उरकतो त्या निर्विकारतेने तो हॅट ठीक करतो. चित्रपटाच्या शेवटी तो पिस्तूल रोखतो, पोलिसांच्या गोळ्यांनी कोसळतो, आणि मग कळते की त्याच्या पिस्तुलात गोळ्याच नव्हत्या. देखणेपणाच्या आख्यायिकेने झाकलेल्या या नटाची खरी शक्ती त्या रिकाम्या पिस्तुलाशी सुसंगत आहे: मिळालेले सौंदर्य तो खर्च करीत नाही. ‘ल जूर स लेव्ह’ (१९३९) मध्ये गाबँ यांनी रंगवलेला कामगार पोलिसांनी वेढलेल्या खोलीत रात्रभर एकटाच आठवणींत बसतो. आणि ‘बेल द जूर’मध्ये लुई बुन्युएल यांनी एका पेटीचे झाकण दनव यांच्यासमोर उघडले, तिच्यातून गुणगुणण्याचा आवाज ऐकवला, पण आत काय आहे ते प्रेक्षकाला कधीच दाखवले नाही. दनव यांचा चेहरा त्या पेटीसारखाच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चौघांच्याही अभिनयात जे राखून ठेवले आहे त्यामुळे जे दिसते त्याला वजन येते.

येथे भारतीय रसशास्त्रातून एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक असे की प्रेक्षकाचे मन विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट स्थळ आणि विशिष्ट काळ यांत अडकले तर भावाचे ‘साधारणीकरण’, म्हणजे व्यक्तीच्या पलीकडे जाऊन सर्वांचे होणे, घडत नाही. म्हणूनच नटाचे स्वतःचे रूप मुकुट वगैरेंनी झाकले जाते. चित्रपटातील तारा नेमके याच्या उलट वागतो. त्याचे नाव, त्याचे खाजगी जीवन आणि त्याच्या आधीच्या भूमिका सर्व उघड असतात, आणि प्रेक्षक पात्राला नव्हे तर त्यालाच पाहायला येतो. अभिनवगुप्तांच्या कसोटीवर तारा हा रसाचा वाहक नसून रसविघ्नच ठरेल.

फ्रेंच विचारवंत एदगार मोरँ यांनी १९५७ साली ताऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तकात आधुनिक समाजातील तारे हे जुन्या देवतांचे वारस असल्याचे दाखवून दिले तेव्हा त्यांनीही, वेगळ्या वाटेने, याच विघ्नाकडे बोट दाखवले होते. फ्रान्सच्या सार्वजनिक जीवनात याचे विलक्षण उदाहरण आहे. १९०५ च्या कायद्याने ज्या प्रजासत्ताकाने धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत केली, त्याच प्रजासत्ताकाचे मूर्तरूप असलेल्या ‘मारियान’ या स्त्रीप्रतिमेच्या अर्धपुतळ्याला एके काळी ब्रिजित बार्दो यांचा आणि १९८५ साली दनव यांचा चेहरा देण्यात आला आणि असे पुतळे नगरपालिकांच्या सभागृहांत बसवले गेले. वेदी रिकामी केल्यावर तेथे अभिनेत्रीचा चेहरा आला, हे त्या समाजाच्या धर्मभावनेविषयी बरेच सांगून जाते. मराठी समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील विष्णुपंत पागनीस यांचे रूप इतके रुजले की तुकोबांचे म्हणून अनेक घरांत लागलेल्या चित्रांत पागनीसांचा चेहरा आढळतो. येथे वर्गीकरणाची चमत्कारिक उलथापालथ होते: एका नटाच्या देहाचा खरा ठसा, म्हणजे शारीरिक वस्तू, दुसऱ्या व्यक्तीची उद्देशिक प्रतिमा बनते. पण पागनीसांच्या बाबतीत तारा संतामध्ये विरून गेला, दनव यांच्या बाबतीत प्रजासत्ताक अभिनेत्रीमध्ये विरून गेले. आणि या दोन विरण्यांतला फरक हाच खरा प्रश्न आहे.

प्रतिमेने स्वतःपाशी रोखून धरणे आणि प्रतिमेने पुढे जाऊ देणे, या दोन शक्यता उपनगरांच्या इतिहासात पाशवी रीतीनेही समोर आल्या आहेत. बोरिवलीतील मंडपेश्वर हे सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांनी ताब्यात घेतले, त्याचे चर्च केले आणि शिवाची शिल्पे भिंतीआड दडवली. एका शिल्पपटाच्या जागी मोठा क्रूस कोरला. प्रतिमा माणसाला स्वतःपाशीच अडवते अशी भीती वाटणाऱ्यांनी केलेली ही कृती होती. परंतु तोडफोडीने मुक्ती मिळत नाही, केवळ प्रतिमा बदलते, हेही त्या भिंतीवर वाचता येते.

याच भूमीत प्रतिमेच्या अतिरेकावर सापडलेला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. गणेशोत्सवातील मूर्ती ‘पार्थिव’, म्हणजे मातीची, असते. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवत्व येते, आणि ‘उत्तरपूजा’ नावाच्या विधीने, मूर्ती जागेवरून किंचित हलवून, ते देवत्व परत जाते, मगच तिचे विसर्जन होते. अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीलाही न विसर्जित होता संकष्टीपर्यंत थांबतो, पण शेवटी वर्सोव्याच्या समुद्राकडे त्यालाही जावेच लागते. पाण्यात जाणारी वस्तू देव नसते, ती माती असते. आणि ज्याला पुढच्या वर्षी परत बोलवायचे तो त्या मातीत अडकलेला नसतो. मूर्तिपूजेवर होणाऱ्या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर कोणत्याही ग्रंथात सापडणे अवघड आहे, कारण येथे प्रतिमेच्या मर्यादेची जाणीव विधीतच गुंफलेली आहे.

फ्रेंच चित्रपटात हा विचार सर्वांत निष्ठेने जगणारे दिग्दर्शक म्हणजे रोबेर ब्रेसाँ. त्यांनी पुढे तारेच नव्हे तर व्यावसायिक नटही नाकारले आणि पडद्यावरच्या माणसांना ‘मॉडेल’ म्हटले. त्यांच्याकडून एकच कृती पुन्हा पुन्हा करवून घेत ते तिच्यातील दाखवण्याची इच्छा काढून टाकीत. ‘जुर्नाल दँ क्युरे द काँपान्य’ (१९५१), म्हणजे एका खेडेगावातील धर्मगुरूची रोजनिशी, या चित्रपटाच्या अखेरीस मरणाऱ्या धर्मगुरूचा चेहरा दाखवला जात नाही. पांढऱ्या पडद्यावर केवळ क्रूसाची काळी आकृती राहते आणि त्याच्या मृत्यूची हकीकत वाचणारा आवाज ऐकू येतो. बाझँ यांनी या शेवटाला फार मोठे महत्त्व दिले आणि ते योग्यच होते. कान्हेरीच्या चैत्यगृहात ओसरीतल्या मूर्तींपासून आतल्या स्तूपाकडे जाण्याचा जो प्रवास आहे, तोच येथे दोन तासांच्या चित्रपटात घडतो.

यावरून ताऱ्यांचा मार्ग चुकीचा आणि ब्रेसाँ यांचा बरोबर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मात्र टाळला पाहिजे. अभिनवगुप्तांच्या आक्षेपाचे खरे उत्तर मोरो आणि दलाँ यांच्या अभिनयातच आहे. त्यांच्या शैलीतला संयम हे एक प्रकारचे आतूनच चाललेले विसर्जन आहे: चेहरा स्वतःला पुढे करीत नाही, म्हणून व्यक्ती असूनही ती विघ्न होत नाही. फ्राँस्वा त्र्युफो यांच्या ‘ज्युल ए जिम’ (१९६२) मध्ये दोन मित्र प्रथम एका प्राचीन दगडी मूर्तीचे स्मित पाहतात, आणि नंतर तेच स्मित असलेली स्त्री, म्हणजे मोरो, त्यांना भेटते. पुढे कॅमेरा तिचा चेहरा क्षणभर गोठवतो, आणि तो गोठवण्याचा प्रयत्न किती व्यर्थ आहे हेच सबंध चित्रपट सांगत राहतो. याउलट बेलमाँदो यांचा ‘आ बू द सूफ्ल’मधील तरुण हम्फ्री बोगार्टच्या छायाचित्रासमोर थांबून त्याच्यासारखा अंगठा ओठांवरून फिरवतो; त्याचा अंत त्याच अनुकरणात होतो. ज्याँ-ल्युक गोदार यांनी त्या एका हालचालीत ताऱ्याची पूजा करणाऱ्याची शोकांतिका दाखवली, आणि योग असा की त्या भूमिकेने बेलमाँदो स्वतःच पुढच्या पिढीसाठी अनुकरणाचा विषय झाले.

दोन वर्षांनी गोदार यांनीच ‘विव्र सा वी’मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. आना कारिना यांनी साकारलेली नाना चित्रपटगृहात बसून कार्ल थिओडोर ड्रायर यांचा ‘जोन ऑफ आर्क’ पाहते, आणि मृत्यूची वार्ता ऐकणाऱ्या जोनच्या, म्हणजे रने फाल्कोनेत्ती यांच्या, चेहऱ्याबरोबर तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहते. येथे अनुकरण नाही, सहभाग आहे. साधारणीकरण म्हणजे काय याचे इतके स्वच्छ चित्रण अन्यत्र दुर्मीळ आहे. १४३१ मध्ये जाळल्या गेलेल्या आणि १९२० मध्ये चर्चने संत म्हणून घोषित केलेल्या स्त्रीवरचा ड्रायर यांचा हा चित्रपट फ्रान्समध्ये तयार झाला, त्यातील चेहऱ्यांवर रंगभूषा नव्हती, आणि फाल्कोनेत्ती या रंगभूमीच्या अभिनेत्रीने त्यानंतर दुसरी मोठी चित्रपटभूमिका केली नाही. १९२८ सालीच मूळ निगेटिव्ह आगीत जळाले. ड्रायर यांनी उरलेल्या चित्रीकरणातून दुसरी आवृत्ती जुळवली, पण तिचेही नशीब तसेच निघाले. आणि मग १९८१ साली मूळ आवृत्तीची एक प्रत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. ज्या संत स्त्रीला जाळले गेले तिच्या चित्रपटाचेही असे व्हावे, यावर कोणी दैवी संकेताची इमारत उभारू नये. पण चित्रपटातला चेहरा अमर असतो हे सर्रास केले जाणारे विधान किती उथळ आहे, हे मात्र यातून दिसते. नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते, चांदीसाठी वितळवली जाते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेथे काम करणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे गोळा केली तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’चे काही तुकडेच हाती आले, ‘आलम आरा’ तर मिळालाच नाही, आणि २००३ च्या आगीत पुण्यातल्याच अनेक जुन्या फिल्म्स भस्मसात झाल्या.

या नाशातच चित्रपटाच्या प्रतिमेचे खरे स्वरूप कळते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करून दुसरी प्रतिष्ठापित करावी, असा दंडक आहे, कारण मूर्तीचे सामर्थ्य आकृतीच्या पूर्णतेवर आणि प्रतिष्ठेच्या विधीवर असते. अवशेषाला, मग तो धातू असो की पारिभोगिक वस्तू, हा नियम लागू होत नाही. सोपाऱ्याच्या करंडकात भिक्षापात्राचे बारीक तुकडेही सोन्यात ठेवण्याजोगे होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे किंवा ओरखड्यांनी भरलेली जुनी फ्रेंच प्रत पाहताना रसिकाला जी आस्था वाटते ती तुकडा असूनही कमी होत नाही, आणि म्हणून चित्रपटाच्या प्रतिमेची खरी सोयरीक मूर्तीशी नसून अवशेषाशी आहे. १९६८ पासून मुंबईत काम करणारे प्रभात चित्र मंडळ आणि त्याच्यासारख्या फिल्म सोसायट्यांनी जुने परदेशी चित्रपट मराठी प्रेक्षकांपर्यंत आणले ते याच आस्थेने. आणि अंधेरी-वर्सोव्याच्या चित्रपटगृहांत भरत आलेल्या मुंबई चित्रपट महोत्सवाने २०१४ साली कॅथरीन दनव यांचा गौरव केला तेव्हा पडद्यावरचा ठसा आणि ज्या देहाचा तो होता तो वृद्ध देह, दोन्ही एकाच शहरात एकत्र आले.

आता नवी अडचण उभी राहत आहे. संगणकाच्या साहाय्याने मृत नटांचे चेहरे पुन्हा घडवले जाऊ लागले आहेत, आणि ते दिवसेंदिवस अधिक हुबेहूब होत आहेत. जातकाच्या परिभाषेत ते शारीरिक नाहीत, कारण त्या देहावरून आलेला प्रकाश त्या दृश्यात नाही. ते शुद्ध उद्देशिक आहेत, ज्याला वस्तूचा आधार नाही असे. मात्र प्रश्न येथे सुटत नाही, कारण जुन्या चित्रपटांच्या डिजिटल जीर्णोद्धारातही ओरखडे पुसताना, हरवलेल्या चौकटी शेजारच्या चौकटींवरून भरून काढताना, चेहऱ्याचा काही अंश आता यंत्राने केलेला अनुमानाचा भाग असतो. किती टक्के अनुमान मिसळल्यावर धातू मूर्ती होते, याची मर्यादा बाझँ यांच्या निबंधात आखलेली नाही आणि जातकातही नाही. फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावरचे ओरखडे पुसायला बसणाऱ्या तंत्रज्ञाला ती प्रत्येक चौकटीत नव्याने ठरवावी लागते.